ओल

कोकणातून बाहेर पडलेल्या माणसाच्या सामानात एक वस्तू न बांधताच आलेली असते. ती म्हणजे पावसाविषयीची घमेंड. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, त्या रत्नागिरीकडचा मी. आणि जेमतेम हजाराच्या आसपास पाऊस पडणाऱ्या बंगळूरने मला ओलीची भीती दाखवावी, ही कल्पनाच मला हास्यास्पद वाटत असे. ती घमेंड कशी उतरली, आणि उतरताना माझे काय घेऊन गेली, ते सांगावयाचे आहे.

सरकारी नोकरीतून २०२१ साली निवृत्त झालो आणि सर्जापूर रोडच्या एका वसाहतीत स्थिरावलो. घरामागे हातरुमालाएवढी बाग आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात तिच्या कोपऱ्यात मी दहा फूट बाय आठ फुटांची एक खोली बांधून घेतली. सिमेंटच्या ठोकळ्यांच्या भिंती, सिमेंटची जमीन आणि वर पन्हळी पत्रे. घरात तिचे नाव पडले ‘खोपी’. कुदळ, फावडे, खुरपी, खताची पोती हे तिचे रीतसर रहिवासी. पण त्यांच्या जोडीला एक काळी लोखंडी ट्रंकही तिथे जाऊन बसली. बदलीच्या नोकरीत जन्म काढलेल्या बहुतेक मराठी घरांत अशी एक ट्रंक असतेच. भोपाळ, दिल्ली, कलकत्ता अशी गावांची नावे पांढऱ्या रंगाने तिच्यावर लिहिलेली आणि एकेक करून खोडलेली. प्रत्येक गावी ती उघडावयाची असे आपण ठरवितो, आणि प्रत्येक गावाहून ती न उघडताच पुढे जाते.

त्या ट्रंकेत वडिलांच्या वह्या होत्या. राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावी ते टपाल सांभाळीत आणि थोडी शेती करीत. वर्षाला एक वही. घरातले जन्ममृत्यू, लग्ने, देणेघेणे, आणि दर वैशाखात घराची शाकारणी : किती कौले बदलली, किती वासे नवे घातले, गड्यांना काय दिले.

सत्तरी उलटल्यावर माझ्या ताईला आपला खरा जन्मदिवस जाणून घेण्याची हौस वाटू लागली. तिचे नाव शाळेत घालावयास काका गेले होते, आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे मास्तरांनी १ जून ही तारीख ठोकून दिली होती. वर्ष तेवढे १९५१, हे नक्की. “दादांच्या वहीत असेल रे, बघून सांग,” असे तिने मला फोनवर सांगितले. मी म्हणालो, “सवड झाली की पाहतो.” वास्तविक निवृत्त माणसाजवळ सवडीवाचून दुसरे काय असते? पण हे वाक्य इतकी वर्षे जिभेवर रुळले होते की ते आपोआपच बाहेर पडले. तिने तीनदा विचारले. मी तीनदा तेच उत्तर दिले.

पहिल्याच पावसाळ्यात खोपीत थेंब पडू लागले. मी लगोलग पत्रे बसविणाऱ्या कारागिराला बोलावून त्याची झडती घेतली. पत्र्याला भोक पाडावयाचे ते पन्हळीच्या उंचवट्यावर, खोलगट भागात नव्हे. दोन पत्रे वाऱ्याच्या रोखाकडे पाठ करून एकमेकांवर चढवावयाचे. बोल्टाखाली डांबरी चकती हवी. हे सारे मला ठाऊक होते, आणि दुर्दैवाने त्यालाही ठाऊक होते. त्याच्या कामात खोट सापडेना. तरी मी त्याला दोनदा परत बोलावले आणि सांध्यांवर डांबर फासून घेतले. तिसऱ्या खेपेस भिंत आणि पत्रा यांच्यामधली वळचणीखालची फट सिमेंटने बुजवून टाकली, आणि झड आत येऊ नये म्हणून एकुलत्या एक झरोक्यावर फळी ठोकली. खोपी आता खजिन्यासारखी बंदोबस्तात होती. थेंब मात्र वाढले.

नोव्हेंबरातली एक सकाळ. आठ दिवस पावसाचा टिपूस नव्हता; आकाश स्वच्छ. खुरपे आणावयास मी खोपीचे दार उघडले, तो मानेवर थंडगार थेंब पडला. वर पाहिले. पत्र्याच्या आतल्या अंगाला, एकूण एक पन्हळीला, पाण्याचे मणी लोंबत होते.

आमच्याकडे येणारे वृद्ध माळी सर्जापूरकडच्याच एका खेड्यातले. मला वर टक लावून पाहताना बघून ते काही बोलले नाहीत. आत आले आणि खताचे एक पोते त्यांनी उचलून उलटे केले. वरची बाजू कोरडी, बूड ओले चिंब. मग जमिनीवर तळहात टेकून ते आपल्या कानडीत एवढेच म्हणाले, “सार, इथे पूर्वी गद्दे होते.” गद्दे म्हणजे भातखाचर. वरच्या अंगाला केरे, म्हणजे तलाव, आणि त्याच्या पाण्यावर खाली भात.

मग सारा उलगडा झाला. माती ओली, तिच्यातले पाणी सिमेंटच्या बारीक छिद्रांतून दिव्याच्या वातीतल्या तेलासारखे वर चढत होते आणि वाफ होऊन खोलीत साठत होते. भिंतीच्या पायाशी धरलेला पांढरा लोणा हीच साक्ष देत होता. मी तो चुन्याचा डाग समजलो होतो. रात्री उघड्या आकाशाखाली पत्रा हवेहून थंड होतो आणि आतली वाफ त्याला दवासारखी चिकटते. पूर्वी तिला निसटावयास वळचणीची फट होती. ती मीच बुजविली होती. पावसाळ्यात पडलेले थेंबही बहुधा याच घराण्यातले.

लाज वाटली ती याची की हे सारे मी लहानपणी रोज पाहिले होते. आमच्या घराचे जोते कमरेइतके उंच. भिंतीचा माथा आणि कौले यांच्यामध्ये हात जाईल एवढी मोकळीक. १८६५ साली बासेल मिशनच्या प्लेब्स्ट यांनी मंगळुरात कारखाना काढला, तेव्हापासून किनाऱ्यावर पसरलेली ती मंगलोरी कौले पाणी अडवितात, पण त्यांच्या सांध्यांतून वारा खेळता राहतो आणि चुलीचा धूरही बाहेर पडतो. मी ती मोकळीक गरिबीची खूण समजत आलो होतो. पाऊस मला ठाऊक होता. घर कोरडे कसे राहते, ते वडिलांना ठाऊक होते.

आणि जमीन तर डोळ्यांसमोरच होती. हा सारा रस्ता तलावांच्या माळेतून जातो. मडिवाळचे पाणी अगरला, अगरचे बेळ्ळंदूरला, तेथून वर्तूरला आणि पुढे दक्षिण पिनाकिनीला, अशी ती जुनी वाट. तलावांना जोडणाऱ्या मोठ्या ओढ्यांना इकडे राजकालुवे म्हणतात. त्या वाटा जागोजाग आवळल्या गेल्या, बुजल्या, त्यांवर घरे उठली. सप्टेंबर २०२२ च्या पहिल्या आठवड्यात एका रात्रीत सुमारे १३० मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा सर्जापूर रोडवरच्या वसाहतींतून माणसे होड्यांतून आणि ट्रॅक्टरांवरून बाहेर काढावी लागली. ते मी गच्चीवरून पाहिले होते, इतरांच्या अविचाराबद्दल चुकचुकलो होतो. आणि पुढच्याच उन्हाळ्यात चार इंचांच्या जोत्यावर खोपी बांधली होती.

त्याच दिवशी ट्रंक उघडली. तिचे बूड गंजून जाळी झाली होती. वह्यांना बुरशी लागलेली, पाने एकमेकांना चिकटलेली. उन्हात घातली असती तर ती करपून वेडीवाकडी झाली असती, म्हणून पत्नीने आणि मी सावलीत, पंख्याखाली, पानापानांत कोरे कागद घालून ती वाळविली. पंधरा दिवस लागले. १९५१ ची वही तळाशीच होती.

वडील शुभ गोष्टी शाईने लिहीत. जन्म, मुंज, लग्न, सारे निळ्या शाईने, वळणदार अक्षरांत. ती शाई पाण्याने विरघळून गेली होती. पानावर केवळ निळसर ढग उरले होते. शाकारणीचा हिशेब मात्र ते अंगणात उभ्याउभ्याने पेन्सिलीने टिपीत. पेन्सिलीला पाण्याचे भय नाही. कौले किती फुटली, वासे किती बदलले, ते सारे स्वच्छ वाचता येत होते. ताईच्या जन्माची ओळ गेली होती.

खोपीची दुरुस्ती सोपी निघाली. भोवती चर खणून पाण्याला उतार दिला. जमिनीवर जाड प्लॅस्टिक अंथरून वर नवा कोबा घातला. वळचणीची फट मोकळी करून तिला जाळी लावली. झरोक्यावरची फळी काढली. कारागिराला बोलावून त्याची क्षमा मागितली. तो संकोचून हसला आणि चहा घेऊन गेला. पोती आता विटांवर ठेवलेल्या फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर दूर असतात. थेंब थांबले आहेत.

अवघड होता तो ताईला करावयाचा फोन. मी काही लपविले नाही. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, “अरे, शाकारणीची तारीख दिसते का त्यात?”

मी पान काढले. शाकारणीस आरंभ ६ मे, पुरी ९ मे. कौले ११२, वासे २.

“मग झाले तर,” ती म्हणाली. “आई सांगायची, तू झालीस तेव्हा डोक्यावर छप्पर नव्हते, बाळंतिणीच्या खोलीतून आभाळ दिसत होते. त्या चार दिवसांतलीच मी.”

“पण चारांतला नेमका कोणता, ते माझ्यामुळे गेले, ताई.”

“गेले खरे,” ती म्हणाली. माझे समाधान करण्याचा तिने प्रयत्न केला नाही, आणि ते मला बरे वाटले. “आता त्या वह्या इकडे आणून दे. माळ्यावर ठेवते. आणि सवडीने नको, या वैशाखात ये.”

मी वैशाखातच गेलो. ६ मे रोजी पोहोचलो आणि ९ मेपर्यंत राहिलो.