कोयना, आयर्विन आणि पायथन

आयर्विन पुलाशी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे सांगलीच्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आमच्या गल्लीत होड्या फिरल्या. म्हणून पायथनमध्ये स्टेट मशीन लिहायची ठरल्यावर लिफ्ट, सिग्नल बाजूला ठेवून (ते दरवर्षी कुणीतरी करतंच!) मी नदीच घेतली.

तिकडे सातारा जिल्ह्यात कोयनेचे दरवाजे उघडले, की ही बातमी सांगलीच्या प्रत्येक अवस्थेला लागू. 'नेहमीची', 'इशारा', 'धोका' अशा सुट्या अवस्था ठेवल्या तर तोच बाण तीनदा काढा. एखादा राहिला तर त्या घरी फोनच जाणार नाही. डेव्हिड हॅरेल यांनी १९८७ साली मांडलेली युक्ती म्हणजे अवस्थेच्या पोटात अवस्था. 'पावसाळा' ही आई, बाकी तिघी लेकी. घटना आधी लेकीकडे जाते, तिला उत्तर नसेल तर आईकडे. पायथनमध्ये प्रत्येक अवस्थेचा क्लास, त्यात 'पेरेंट', आणि उत्तर मिळेपर्यंत वर चढणारा व्हाइल लूप. बस्स!

दरवाजे उघडल्यावर फोन करायचं काम आईचं, एकदाच लिहिलेलं. फक्त 'धोका' तिचं ऐकत नाही. तिथे आधी आजीला माळ्यावर न्यायचं, फोन नंतर.