स्क्रू किडत नाही, मग रक्त कशाचं?

टायटॅनियमचा स्क्रू किडत नाही, त्याला नस नाही, तो ठणकत नाही. मग ब्रश फिरवला की नेमकं त्याच्याच भोवती रक्त का दिसतं? हा प्रश्न घेऊन मी घाटंजीहून यवतमाळला, दत्त चौकाजवळच्या एका दवाखान्यात गेलो. माझी हयात जिनिंगच्या हिशेबात गेली. दातांमधलं मला ओ की ठो कळत नाही. दाढ पडली, तिथे इम्प्लांट बसलं, वर कॅप आली, भाकर चावता येऊ लागली. एवढीच माझी माहिती.

डॉक्टर मॅडम माझ्या पुतणीच्या वयाच्या. पहिलाच प्रश्न, “काका, खर्रा खाता का?” नाही म्हटल्यावरही त्यांनी गालाच्या आतून बघून खात्री केलीच. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या यवतमाळात ते साहजिक आहे. मग खुणांची एक बारीक बोथट सळई हिरडीच्या फटीत अलगद घालून त्या आकडे बोलू लागल्या: “तीन, दोन, तीन...” मदतनीस मुलगी लिहीत होती. एकेका दाताला सहा आकडे! माझे कान टवकारले.

“हे काय मोजता, मॅडम?”

“पॉकेट, काका. हिरडीच्या फटीची खोली, मिलिमीटरमध्ये.”

निरोगी दाताला हा आकडा साधारण तीनपर्यंत असतो आणि सळई लागून रक्त येत नाही. माझ्या खालच्या पुढच्या दातांना रक्त आलं, इम्प्लांटलाही आलं. तिथे तर त्या “पाच” म्हणाल्या. मी हबकलो. तर म्हणे, इम्प्लांटला नुसत्या पाचावरून काही ठरत नाही. कॅप बसली तेव्हा किती होता, ते पाहिजे. एवढं मात्र मला चटकन समजलं. सुरुवातीची शिल्लकच माहीत नसेल तर घट कशी काढणार? माझ्याकडे ना तेव्हाचा आकडा, ना तेव्हाचा एक्स-रे.

मॅडम बोलक्या होत्या. नैसर्गिक दाताच्या मुळात हिरडीचे तंतू रुतलेले असतात, शिवाय मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक थर असतो. इम्प्लांटला यातलं काहीच नाही. हाड थेट धातूला धरतं आणि हिरडी त्याला नुसती बिलगून असते. त्यामुळे जंतूंच्या थराला आत उतरायला वाट सोपी. सूज हिरडीपुरती असली तर ती परतवता येते. हाड झिजायला लागलं की मात्र ते सहजासहजी भरून येत नाही. आणि या सगळ्यात दुखेलच असं नाही, हे ऐकून मी जास्त गोंधळलो. न दुखणाऱ्या आजाराला माणूस डॉक्टरकडे जाईल तरी कशाला?

स्वीडनच्या ब्रॉनेमार्क यांनी असे स्क्रू माणसाच्या जबड्यात पहिल्यांदा बसवले ते 1965 साली. त्याच वर्षी डेन्मार्कमध्ये हाराल्ड लो यांनी निरोगी हिरड्यांच्या 12 जणांना दात घासणं बंद करायला लावलं. 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि पुन्हा घासायला लागल्यावर आठवडाभरात बऱ्या झाल्या. दात न घासण्याचा प्रयोग! आमच्याकडे त्यासाठी माणसं शोधावी लागली नसती.

खर्रा घोटणारा माझा एक दोस्त छातीठोक सांगतो, “आपल्या हिरडीतून कधी थेंब नाही आला, भाऊ.” मॅडमना ते सांगितलं. त्या म्हणाल्या, तंबाखूतल्या निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. रक्त दिसत नाही, आतलं हाड मात्र जात राहतं. दोस्ताला हे कळवलं. त्याने विषय कापसाच्या भावावर नेला.

माझी शुगर तपासायला सांगितली. ती वाढलेली असली की हिरड्या लवकर सुजतात. मग सफाई झाली. इम्प्लांटभोवती नेहमीचं स्टीलचं टोक न वापरता प्लॅस्टिकचं वापरलं, कारण धातूवर ओरखडे पडले की तिथे जंतूंचा थर जास्त साचतो. कॅप चिकटवतानाचं सिमेंट हिरडीखाली अडकलंय का, तेही पाहिलं. शेवटी आडवा फिरवायचा एक चिमुकला ब्रश हातात दिला, तार प्लॅस्टिकने मढवलेली.

“अहो, एका दातासाठी वेगळा ब्रश?” घरी चौकशी झाली.

पुढच्या दातांचं रक्त लवकर थांबलं. इम्प्लांटपाशी अजून थोडं दिसतं. तिथली सूज उतरायला जास्त वेळ लागतो, असं मॅडमनी आधीच सांगितलं होतं. आकड्यांच्या कागदाची प्रत आणि नवा एक्स-रे मी मागून घेतलाय. तीन महिन्यांनी पुन्हा मोजणी आहे.