चार जाड तारा

लग्नघराच्या दारी सनई वाजू लागली की आपले लक्ष मुख्य वादकाकडे जाते. त्याचे फुगलेले गाल, भरभर हलणारी बोटे आणि मधूनच पाखरासारखी उंच झेपावणारी तान यांचे आपण कौतुक करतो. त्याच्या शेजारी आणखी एक वादक बसलेला असतो. तो आपल्या वाद्यातून एकच सूर अखंड धरून असतो. त्याचे नाव कोणी विचारत नाही. परंतु त्याने क्षणभर सूर सोडला, तर मुख्य सनई एकाएकी पोरकी वाटू लागते.

पाश्चात्त्य वाद्यवृंदात असे मागे राहून सूर आणि लय सांभाळण्याचे काम बेस या वाद्याकडे असते. मी जे वाद्य शिकलो ते बेस गिटार. साध्या गिटारीला सहा तारा असतात. हिला बहुधा चारच असतात, पण त्या लांब आणि चांगल्या जाड असतात. साध्या गिटारीची सर्वांत जाड तार छेडली की ती एका सेकंदात सुमारे ८२ कंपने करते. बेस गिटारीची सर्वांत जाड तार करते सुमारे ४१. म्हणजे तिचा आवाज बरोबर एक सप्तक खाली असतो. तो कानांना ऐकू येतोच, पण जवळ उभे राहिले तर छातीलाही जाणवतो.

या वाद्यावर मला जॅझ संगीत वाजवायचे होते. आणि तेही केवळ साथ करण्यापुरते नव्हे, तर आपली पाळी आली असता स्वतःच्या मनाने नवी सुरावट रचण्याइतके. जॅझची रीतच तशी आहे. सारे वादक प्रथम एखादी ठरलेली चाल मिळून वाजवतात. नंतर एकेक वादक पुढे येतो आणि त्याच चालीच्या सांगाड्यावर जागच्या जागी नवी सुरावट गुंफतो. तिला सोलो म्हणतात. सोलोचे सूर कागदावर लिहिलेले नसतात आणि आधी पाठही केलेले नसतात. आपल्याकडे गवई बंदिशीची अस्ताई गाऊन झाल्यावर आलाप-ताना घेतो, त्याच्याशी या रीतीचे जवळचे नाते आहे.

हे संगीत अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स या बंदराच्या शहरात विसाव्या शतकाच्या आरंभी आकाराला आले. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे वंशज तेथे राहत होते. गुलामगिरीच्या काळात त्यांच्या पूर्वजांना स्वतःच्या देहावरही हक्क नव्हता. रविवारी मात्र शहरातील काँगो चौकात जमून ढोल वाजवण्याची आणि नाचण्या-गाण्याची मोकळीक त्यांना मिळे. त्या ढोलांची लय, शेतात राबताना म्हटलेली गाणी, चर्चमधील स्तोत्रे आणि लष्करी बँडची पितळी वाद्ये या साऱ्यांतून पुढे जॅझ घडले. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या तोंड उघडण्याची मुभा नव्हती, त्यांच्या वंशजांनी घडवलेल्या संगीतात प्रत्येकाला बोलण्याची पाळी मिळते, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

मुंबईलाही हे संगीत परके नाही. १९३५ मध्ये लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवण्यासाठी आला. त्या काळी आणि त्यानंतर मुंबईच्या वाद्यवृंदांत असलेल्या अनेक गोमंतकीय वादकांनी जॅझ आत्मसात केले. हिंदी चित्रपटांच्या संगीतातही त्यांच्यापैकी कित्येकांचा वाटा आहे. माझे शिक्षक याच परंपरेतले होते. गोव्यातील आपल्या गावच्या चर्चच्या शाळेत ते स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकले. तरुणपणी मुंबईस आले आणि बेसवादक झाले. मी त्यांच्याकडे जाऊ लागलो तेव्हा संधिवाताने त्यांची बोटे आखडली होती. जाड तार पडद्यावर दाबणे त्यांना जमत नसे. त्यामुळे ते मला वाजवून दाखवीत नसत, गाऊन दाखवीत. मीही आधी गावे आणि मग वाजवावे, असा त्यांचा दंडक होता.

“सर, गाणं शिकायला मी आलो नाही,” असे मी एकदा म्हणालो.

ते हसून म्हणाले, “जे तुला गाता येत नाही, ते तुला ऐकू येत नाही, आणि जे ऐकू येत नाही, ते बोटांनी वाजवून काय उपयोग?”

पहिला धडा ब्लूज या प्रकाराचा होता. त्याचे सर्वांत प्रचलित रूप असे: चार-चार मात्रांचे १२ विभाग, म्हणजे ४८ मात्रांचे एक आवर्तन. पहिले ४ विभाग मूळ सुरावर, म्हणजे आपल्या भाषेत ‘सा’वर उभे असतात. पुढचे २ ‘म’वर जातात आणि नंतरचे २ पुन्हा ‘सा’वर येतात. मग १ विभाग ‘प’वर, १ ‘म’वर आणि शेवटचे २ विभाग परत ‘सा’वर. प्रत्येक मुक्कामावर काही सुरांची जुळणी असते; तिला कॉर्ड म्हणतात. बेसवादकाने प्रत्येक मात्रेला एक सूर वाजवीत या मुक्कामांवरून चालत जायचे. माणूस संथ पावले टाकीत चालावा, तसे ते वादन ऐकू येते. पुढचा मुक्काम जवळ आला की त्याच्या अगदी शेजारच्या सुरावरून आत शिरायचे, म्हणजे ऐकणाराला वळण आधीच कळते.

कित्येक महिने मी केवळ चालत होतो. उजव्या हाताच्या तर्जनीवर आणि मधल्या बोटावर फोड आले, फुटले आणि तेथे घट्टे पडले. सर मेट्रोनोम नावाचे टिकटिक करणारे यंत्र लावीत. पण त्याचा ठोका पहिल्या मात्रेवर नसे. तो दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडे. कारण जॅझमध्ये टाळी तेथेच पडते. समेवर मान डोलावण्याची सवय असलेल्या मला पहिली मात्रा मनातल्या मनात धरावी लागे. हळूहळू ती बाहेरून कोणी न सांगताही जागेवर येऊ लागली.

सोलोचा अभ्यास त्यानंतर सुरू झाला. बेसवादकाची अडचण इतरांहून निराळी असते. सॅक्सोफोन किंवा पियानो सोलो वाजवू लागला, तर त्याच्या पायाखाली बेसचा आधार असतो. परंतु बेसवादक सोलो वाजवू लागला की त्याचा नेहमीचा आधार नाहीसा होतो. कारण तो आधार तो स्वतःच असतो! पियानोवादक बहुधा हात आखडता घेतो. ढोल-झांजा वाजवणारा अगदी हळू होतो. अशा वेळी आवर्तनाचा सांगाडा ऐकणाऱ्याच्या मनात उभा ठेवायचा आणि त्याच सुरांतून नवी गोष्टही सांगायची, अशी दुहेरी कामगिरी असते. शिवाय खर्जातले सूर फार दाट वाजवले तर ते एकमेकांत मिसळून गढूळ होतात. म्हणून या वाद्यावर बोलायचे ते मोजके आणि स्वच्छ.

हे काम बेसवर सुंदर रीतीने होऊ शकते, हे जगाला दाखवून दिले ते जिमी ब्लँटन या तरुणाने. तो माणसाहून उंच असा लाकडी डबल बेस वाजवीत असे. १९३९ मध्ये तो ड्यूक एलिंग्टन यांच्या विख्यात वाद्यवृंदात आला. तोवर बेसवादक मुख्यतः लय राखीत. ब्लँटनने त्याच जाड तारांवर गाणारी सुरावट वाजवून दाखवली. दुर्दैवाने क्षयरोगाने १९४२ मध्ये तो वारला. तेव्हा तो अवघा २३ वर्षांचा होता. पुढे १९५१ मध्ये कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी विजेवर चालणारी, गिटारीसारखी हातात धरता येणारी आणि पडदे असलेली बेस बाजारात आणली. पडद्यांमुळे सूर अचूक लागू लागला. आणि गंमत अशी, की जॅको पास्टोरियस या असामान्य वादकाने आपल्या बेस गिटारीचे पडदे काढून टाकले व चिरा बुजवून घेतल्या! मानवी गळ्याप्रमाणे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे त्यामुळे त्याला साधले. १९७६ मध्ये त्याची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली, तेव्हा हे वाद्य असे गाऊ शकते याचे ऐकणाऱ्यांना नवल वाटले.

सरांनी मला ऐकायला सांगितली ती मात्र १९५९ सालची माइल्स डेव्हिस यांची ‘काइंड ऑफ ब्लू’ ही ध्वनिमुद्रिका. तिच्यातील ‘सो व्हॉट’ या रचनेत मुख्य चाल बेसच सांगते आणि इतर वाद्ये केवळ दोन सुरांचा होकार देतात. बेसवादक आहेत पॉल चेंबर्स. त्या रचनेचे ३२ विभाग आहेत. त्यांपैकी पहिले १६ आणि शेवटचे ८ विभाग ज्या सप्तकात आहेत, त्यात गंधार व निषाद कोमल आणि बाकीचे सूर शुद्ध आहेत. म्हणजे तो आपला काफी थाटच! सतरावा विभाग लागला की तेच सारे सप्तक अर्ध्या सुराने वर सरकते आणि आठ विभागांनंतर पुन्हा खाली येते. ओळखीच्या सुरांना परक्या मुलखात भेटल्यावर मला झालेला आनंद शब्दांत सांगणे कठीण आहे.

मग सरांनी एक खेळ सुरू केला. ते म्हणाले, “आज तुला तीनच सूर. त्यांत काय सांगायचं ते सांग.” मी तीन सूर वाजवले. “आता हाच प्रश्न समज आणि उत्तर दे.” मी तेच सूर उलटे फिरवले. “आता उत्तर उशिरा दे. ऐकणाऱ्याला थोडी वाट पाहू दे.” कधी चार विभाग ते गात आणि पुढचे चार मी वाजवी. तमाशातील सवाल-जबाबासारखा तो रंगतदार सामना असे. या खेळातून मला एक गोष्ट उमगली. जागच्या जागी रचणे म्हणजे मनाला येईल ते वाजवणे नव्हे. आपण नुकतेच काय बोललो ते लक्षात ठेवणे आणि त्यातून पुढचे वाक्य काढणे, हेच त्यातील मर्म आहे.

एका संध्याकाळी सरांच्या शिष्यांचा छोटासा कार्यक्रम होता. ब्लूज चालू होता. सॅक्सोफोनची दोन आवर्तने झाली, पियानोची दोन झाली आणि पहिल्या रांगेत बसलेल्या सरांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. पियानो थांबला. झांजेची बारीक टिकटिक तेवढी उरली. सभागृह एकदम मोठे वाटू लागले. मी मूळ सूर एकदाच छेडला आणि तो विरेपर्यंत थांबलो. नंतर तीन सूर वाजवले. त्यांनाच चौथा जोडला. पाचव्या विभागात ‘म’वर उतरलो, तेव्हा कोणीतरी अस्फुट “वा!” म्हटले, मुक्काम बदलल्याचे त्या श्रोत्याला माझ्या एकट्याच्या तारेवरून कळले होते. दुसऱ्या आवर्तनात कोठून कोण जाणे, एक सुरावट उमटली. तिची मी कधी तयारी केली नव्हती. मी सरांकडे पाहिले. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि आखडलेले बोट गुडघ्यावर ताल धरीत होते; दुसऱ्या मात्रेवर आणि चौथ्या मात्रेवर. अखेरच्या दोन विभागांत मी पुन्हा चालू लागलो आणि नव्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर सारे वादक येऊन मिळाले.

कार्यक्रम संपल्यावर मी सरांना म्हणालो, “दुसऱ्या आवर्तनातली ती जागा मला पुन्हा वाजवून पाहायची आहे, पण ती आठवत नाही.”

“ती गेली,” सर शांतपणे म्हणाले. “माझ्याही अशा पुष्कळ गेल्या. त्या धरून ठेवता येत नाहीत. पण ती ज्या वाटेनं आली, ती वाट आता तुझी झाली आहे. उद्या दुसरी येईल.”

त्यांचे हे बोलणे मला जन्मभर पुरेल असे आहे. त्यांची बोटे थांबली होती, तरी त्यांनी ऐकलेले सारे माझ्या बोटांतून पुढे चालले होते. आणि त्यांनाही ते कोणीतरी असेच गाऊन, वाजवून दिले असले पाहिजे. आजही कोणत्याही कार्यक्रमात माझा बहुतेक वेळ इतरांच्या सुरांखाली पावले टाकण्यातच जातो. त्याचा मला कंटाळा येत नाही. दुसऱ्याची सुरावट लक्ष देऊन ऐकत असताना तिच्यातले काहीतरी नकळत आपल्यात मुरत असते. मग आपली पाळी येते, क्षणभर सारे शांत होते, आणि त्या मुरलेल्या सुरांतूनच आपला स्वतःचा पहिला सूर उमटतो.