पठारावरची गाडी विकताना

चाळकेवाडीच्या पठारावरचं पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम आमच्याकडून सुटलं. आता काम माण-खटावकडे, सौर पंपांचं. तिकडे वाट कोरडी आणि चढ तुरळक. फोर बाय फोर बोलेरो कॅम्परला तिथे करण्यासारखं काही नाही, म्हणून ती विकायला काढली. गाडीत खोट आहे म्हणून नव्हे, हे येणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगावं लागतं. चांगली गाडी कुणी विकत नाही, असाच बाजाराचा समज.

*

माणमध्ये ती मागच्या दोन चाकांवर पळवता आली असती. पण चारही चाकांना जोर देणारी यंत्रणा बसून राहिली की बिघडते. ट्रान्स्फर केसमधलं ऑइल तळाशी राहतं, वरचे भाग कोरडे पडतात. लिव्हरची जोडणी गंजते, सील सुकतात आणि पुढे गळायला लागतात. वर्षाने गरज पडून लिव्हर ओढावा, तर तो जागचा हलत नाही. काम करून झिजलेला भाग बदलता येतो. न वापरता बसून गेलेला भाग मात्र नेमका चिखलात दगा देतो. म्हणून ती अशाच माणसाकडे जावी, ज्याच्या दारात पावसाळ्यात चिखल असतो.

*

पवनचक्कीची कमाई पावसाळ्यात. नैर्ऋत्येचा वारा जून ते ऑगस्टमध्ये जोरात असतो, तेव्हाच पाती सर्वांत जास्त फिरतात आणि तेव्हाच मशीन बंद पडलेलं परवडत नाही. म्हणजे ज्या महिन्यांत पठारावर जाऊ नये असं वाटतं, त्याच महिन्यांत जावं लागतं. साताऱ्याहून सज्जनगड, ठोसेघर करत वर आलं की डांबर आहे. डांबर सोडून मशीनकडे वळलं की मुरूम, त्यापुढे जांभ्याचा कातळ, त्यावर शेवाळ आणि कातळाच्या खोलगट भागात साचलेली लाल माती. हजार मीटरच्या वरची उंची, त्यामुळे धुकं असं की बॉनेटच्या पुढचं दिसत नाही. आत पाच माणसं, मागे हौद्यात गिअर ऑइलचे डबे, केबल, टूलबॉक्स, वर ताडपत्री. दोन रांगांची केबिन आणि मागे हौदा ही कॅम्परची ठेवण या कामासाठीच केल्यासारखी आहे. माणसं कोरडी पोचतात आणि सामानही पोचतं.

*

एजंट म्हणाला, "दादा, खालून काळा रंग मारून घ्या, इंजिनवर स्प्रे मारा, सीटकव्हर नवी टाका. गाडी उठून दिसंल."

खालून काळा रंग अजिबात मारणार नाही. नव्या काळ्या रंगाखाली गंज आहे की वेल्डिंग, हे कुणालाच कळत नाही, आणि जाणतं गिऱ्हाईक तिथूनच परत फिरतं. इंजिन धुऊन चकचकीत केलं की गळती कुठून आहे तेही धुऊन जातं. मी फक्त चेसीवरचा चिखल पाण्याने काढला, म्हणजे बघणाऱ्याला धातू दिसेल. डाव्या मागच्या दारावर दगड घासल्याची खूण आहे, ती तशीच ठेवली. ती कशी आली ते गिऱ्हाइकाला सांगतो.

*

फाइल. सर्व्हिसिंगची बिलं, टायरची बिलं, बॅटरी, क्लचप्लेट, तुटलेल्या मागच्या पाट्याच्या मुख्य पानाचं बिल. तारीख आणि किलोमीटर प्रत्येकावर. माझ्या मते जुन्या गाडीचा अर्धा भाव या फाइलचा असतो. बहुतेक जण ती चाळतही नाहीत, थेट बॉनेट उघडतात. जो बसून एकेक बिल वाचतो, त्याच्याशी बोलायला मला आवडतं.

या फाइलमध्ये मी एक गोष्ट मुद्दाम वर ठेवली आहे: ऑइलचा तक्ता. दोन चाकांच्या गाडीला इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल. फोर बाय फोरला ट्रान्स्फर केस आणि पुढचा डिफरन्शियल हे दोन जास्तीचे. रस्त्याकडेच्या गॅरेजात हे दोन हमखास राहून जातात. ओढ्यातून गेलेल्या गाडीत तर ते आधी बघायचे असतात. तापलेलं हाउसिंग थंड पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर तुंबलेला असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ऑइल दुधाळ दिसलं की समजावं. विकत घेणाऱ्याने पुढच्या डिफरन्शियलचा बोल्ट सैल करून बोटावर थेंब घ्यावा. मी स्वतः पाना पुढे करतो.

*

"मीटर किती?" हा पहिला प्रश्न. पठारावरच्या गाडीला तो नीट लागू पडत नाही. हमरस्त्यावरच्या गाडीचे लाखभर किलोमीटर आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये लो रेंज लावून चढलेले लाखभर किलोमीटर, यांत इंजिनाचे तास फार वेगळे. लो रेंजमध्ये गाडी मुंगीच्या चालीने जाते, इंजिन मात्र फिरतच असतं. मीटर कमी म्हणून गाडी नवी असं समजणाऱ्याला मी हे सांगतो. भाव त्यामुळे खाली येतो, येऊ दे.

इंजिनाचं खरं मीटर दुसरीकडे आहे. सकाळी थंड इंजिन चालू करायचं, गरम करून ठेवलेलं नव्हे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल नीट जळत नाही: नोझल, टर्बो नाहीतर तुंबलेला एअर फिल्टर. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबला नाही तर सावध. मग चालू इंजिनावर ऑइलची कॅप काढायची. भकाभका वारा आला तर बॅक कॉम्प्रेशन आहे, काम जवळ आलं.

*

तीन गिऱ्हाइकं अशी आली की त्यांच्याकडे आधीची गाडी "फोर बाय फोर"च होती, आणि बोलता बोलता कळलं की ती नव्हती. उंच, दणकट, मागे स्टेपनी टांगलेली, बस. जीप दिसली की चार चाकांचा जोर असणारच, हा समज आपल्याकडे फार जुना. १९४०च्या दशकाच्या शेवटी महिंद्रांनी मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली आणि जीप हेच डोंगरातल्या गाडीचं नाव झालं. पुढे साताऱ्या-कोल्हापुरात वडापला, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीला, धावल्या त्या जीपगाड्यांतल्या बहुतेक मागच्या चाकांवरच्याच. बॉडीवरून काही कळत नाही. खाली वाकून बघायचं. पुढच्या दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियलचा गोळा आहे का, आणि ट्रान्स्फर केसमधून तिकडे शाफ्ट गेलाय का. काही जण डिझेल वाचवायला पुढचा शाफ्ट काढून ठेवतात, तेही तेव्हाच दिसतं.

*

ट्रायल डांबरावर देत नाही, म्हणजे फोर व्हीलची ट्रायल. लिव्हरने चार चाकं जोडणाऱ्या गाडीत पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरतो. वळणावर पुढच्या चाकांना लांबचा पल्ला कापायचा असतो, मागच्यांना जवळचा. मातीवर चाक थोडं घसरतं आणि हिशेब जुळतो. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नसते, सगळा ताण शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसवर, शाफ्टवर आणि ट्रान्स्फर केसवर चढतो, लिव्हर अडकतो. अडकलाच तर ओढाताण करू नये, दोन-चार हात मागे घ्यावी, ताण सुटतो.

म्हणून गिऱ्हाइकाला घेऊन ओढ्याकाठच्या भुसभुशीत चढाला जातो. आधी दोन चाकांवर चढवून बघा म्हणतो. चाक फिरत राहतं, गाडी थांबते. मग पूर्ण थांबून, न्यूट्रल करून लो रेंज. क्लच सोडला की अॅक्सिलरेटरला पाय न लावता ती चढायला लागते. त्या क्षणी चेहरे बघण्यासारखे होतात. मला अजूनही ते बघताना आनंद होतो.

चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारख्या झिजेचे आहेत, हेही दाखवतो. पुढे नवे आणि मागे गोटे झालेले टायर टाकून फोर बाय फोर चालवणं म्हणजे सरळ रस्त्यावरही ताण भरत राहणं.

*

"पुरातली न्हाई न्हवं?"

हा प्रश्न आता इकडे सगळे विचारतात. ऑगस्ट २०१९मध्ये सांगली-कोल्हापूर बुडालं, जुलै २०२१मध्ये चिपळूण. किती गाड्या पाण्यात राहिल्या आणि पुसून-वाळवून बाजारात आल्या, त्याची लोकांच्या मनात धास्ती आहे. प्रश्न विचारणाऱ्याचा राग येऊ नये. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या टोकाला मातीची रेघ आहे का बघा, सीटच्या रुळाखाली बोट फिरवा, डॅशबोर्डखालच्या वायरिंगच्या जोडात गाळ शोधा, हेडलाइटच्या आत बघा. मी बाजूला उभा राहतो.

*

एक तरुण पोरगा आला, पुण्याहून. गाडी त्याला फार आवडली. सस्पेन्शन उचलणार, मोठे टायर टाकणार, हौदा काढून मागे तंबू बसवणार. पैसेही बरे देत होता. मी त्याला थेट सांगितलं की ही मालाची पिवळ्या पाटीची गाडी आहे आणि आरसीवर जे नोंदलंय त्यात परस्पर बदल करता येत नाहीत. फिटनेसला अडेल. नवी असताना पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी फिटनेस, त्यानंतर दरवर्षी. बिचारा हिरमुसला. पण त्याने पैसे घातल्यावर कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

*

कागद. इथे लोक सर्वांत ढिले. "टीटी फॉर्मवर सही करून द्या, नावावर आम्ही करून घेतो." म्हणजे फॉर्म २९ आणि ३० कोऱ्यावर सही करून द्यायचे, आणि गाडी एजंटाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे. आरसीवर नाव आपलंच.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८च्या एका निकालात नेमकी अशीच साखळी पाहिली. गाडी एकापाठोपाठ एक अनेकांना विकली गेली, नोंद मात्र पहिल्याच्याच नावावर राहिली, आणि मग अपघात झाला. नुकसानभरपाईची जबाबदारी ज्याचं नाव नोंदणीत आहे त्याची, असं न्यायालयाने ठरवलं. मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावे गाडीची नोंद आहे तो. आपण पैसे घेतले, किल्ली दिली, गाडी वर्षभर डोळ्यांनी पाहिली नाही. तरी मालक आपणच. हे वाचल्यापासून कोऱ्या फॉर्मचं नाव काढणाऱ्याशी मी बोलणं पुढे नेत नाही.

कायदा विकणाऱ्याला १४ दिवस देतो, आरटीओला कळवायला. घेणाऱ्याला ३० दिवस. गाडी निपाणी-बेळगावकडे, म्हणजे दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर आधी फॉर्म २८ची एनओसी. बँकेचं कर्ज फिटलं असलं तरी आरसीवरचा बोजा आपोआप उतरत नाही, त्याला बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. चलनं भरलेली, फास्टॅग बंद करून काचेवरून काढलेला. १ एप्रिल २०१९पूर्वी नोंद झालेली गाडी असेल तर नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली. विमा गाडी घेणाऱ्याच्या नावे वळवायला १४ दिवस. पण नो क्लेम बोनस गाडीसोबत जात नाही, तो माझा, मी पुढच्या गाडीला लावेन. हे घेणाऱ्याला आधी सांगितलं, म्हणजे नव्या हप्त्याचा आकडा बघून त्याला वाटू नये की काही लपवलं.

आणि ताबा पावती. तारीख तर सगळे लिहितात. वेळही लिहावी. संध्याकाळी सहाला गाडी गेली आणि आठला कुठे धडकली, तर ते दोन तास कागदावर असले पाहिजेत.

*

रोख: २ लाख किंवा त्याहून जास्त रोख एका व्यवहारात घ्यायची नाही, २०१७पासून प्राप्तिकर कायद्याने मनाई आहे आणि दंड रोख घेणाऱ्याला, तोही तेवढ्याच रकमेचा. "अर्धे रोख, अर्धे चेक" म्हणणाऱ्यांना हात जोडले.

*

शेवटी ज्याला दिली तो जावळीच्या वरच्या अंगाचा. सिमेंट, पत्रे, रेशनचं धान्य वाड्या-वस्त्यांवर पोचवतो. पावसात रस्ता खचला की आजारी माणसाला खाली आणायचं कामही त्याच्याच गाडीवर येतं. सोबत मामांना घेऊन आला होता. मामा जुने मिस्त्री. चहा नको म्हणाले, पोतं मागितलं, ते अंथरलं आणि गाडीखाली शिरले. बराच वेळ आतून फक्त "हं" ऐकू येत होतं. प्रत्येक क्रॉस हाताने हलवून बघितला. बाहेर येऊन म्हणाले, "पुढच्या शाफ्टाचा एक क्रॉस लागलाय थोडा. बाकी ग्रीस वेळेवर दिलेलं दिसतंय, पाव्हणं." क्रॉसचं मला माहीत होतं, फाइलमध्ये टिपून ठेवलं होतं; त्यांनी तो न सांगता शोधला. त्याचे पैसे भावातून कमी केले. त्यानंतर घासाघीस झालीच नाही. इसार खात्यावर आला, बाकी रक्कम फॉर्मवर दोघांच्या सह्या झाल्या त्या दिवशी.

एजंटाचा भाव याहून थोडा जास्त होता. पण त्याच्याकडून गाडी कुठे गेली असती, ते तो सांगू शकला नाही.

*

नव्या मालकासाठी कागदावर लिहून दिलं ते असं:

लागलेला क्रॉस मे संपायच्या आत बदला. पुढच्या डिफरन्शियलचं ऑइल पावसाआधी एकदा आणि पावसानंतर एकदा उघडून बघा, बाटलीत थोडं काढून उजेडात धरा. ब्रीदरची नळी मोकळी ठेवा. ग्रीस पावसाळ्यात दर पंधरवड्याला, गाडी धुतल्यावर लगेच. स्टेपनीत हवा बाकीच्या टायरइतकीच. दुसरी किल्ली फाइलच्या मागच्या कप्प्यात आहे, टोचनाचा दोर आणि दोन शॅकल सीटखाली. उघड्या पुलावरून पाणी वाहत असेल तर लो रेंज आहे म्हणून गाडी घालू नका, थांबा.