चाळीस टक्के

१.
दुसरबीड. मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाताना लागतं. खासगी दवाखान्यात एक आजोबा डॉक्टरांना ओरडून सांगतात, "साहेब, छाती भरली मही!" ओरडायचं कारण, डॉक्टरांना कमी ऐकू येतं. वय झालंय, कानात यंत्र आहे. बाहेर बाकावर बसायला जागा नाही. लोक म्हणतात, हाताला गुण आहे.

२.
महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे डॉक्टरांना दर ५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट लागतात. ते परिषदा, व्याख्यानं, कार्यशाळांना हजेरी लावून मिळतात. ऐकू आलं की नाही, हे विचारत नाहीत.

३.
एमबीबीएसला जाऊ पाहणाऱ्या मुलाला मात्र आधी कान आणि डोळे दाखवावे लागतात. २०१९ चा नियम असा होता: राखीव जागेसाठी दृष्टीचं किंवा श्रवणाचं अपंगत्व किमान ४० टक्के हवं. आणि भिंग किंवा श्रवणयंत्र लावल्यावर तेच ४० टक्क्यांच्या खाली आलेलं हवं.
पुन्हा वाचलं. बरोबरच वाचलं होतं.

४.
चहाच्या टपरीवर विषय काढला.
"आंधळ्या डॉक्टरकडून सुई टोचून घ्याल का?"
"सुई कंपाउंडर देतो."

५.
कृतिका पुरोहित या दृष्टिहीन मुलीला फिजिओथेरपी शिकायची होती. नियमात अंधांना जागा नव्हती. २०१० मध्ये प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. झेवियर्स कॉलेजचं दृष्टिहीनांसाठीचं केंद्र तिच्या बाजूने उभं राहिलं. वाट मोकळी झाली, ती शिकली, फिजिओथेरपिस्ट झाली.
आपल्याकडे हे नवलाचं वाटलं. लंडनमध्ये पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांना मसाज शिकवून थेट रुग्णांच्या खाटेशी उभं केलं होतं. जपानात त्याच्याही आधी, सतराव्या शतकात, सुगियामा वाइची नावाचा अंध वैद्य होता. अ‍ॅक्युपंक्चरची बारीक सुई नळीतून टोचायची पद्धत त्याची. आज डोळस लोकही तीच नळी वापरतात.
टपरीवरच्या प्रश्नाला हेही एक उत्तर.

६.
शिकागोचे डॉ. जेकब बोलोटिन जन्मांध. १९१२ मध्ये डॉक्टर झाले. हृदय आणि फुप्फुसांचे तज्ज्ञ म्हणून नाव झालं. बोटं आणि कान यांच्यावर काम चाले. १९२४ मध्ये, ऐन उमेदीत वारले.
डेव्हिड हार्टमन यांनी १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठातून पदवी घेतली. मानसोपचारतज्ज्ञ झाले. रुग्ण बोलतो, डॉक्टर ऐकतो.
बंगळूरचे डॉ. वाय. जी. परमेश्वर यांची दृष्टी शिकत असतानाच गेली. ते औषधशास्त्र शिकवू लागले.

७.
एक्स-रे वाचणाऱ्याला कान किती लागतात? मन वाचणाऱ्याला डोळे किती लागतात? एमबीबीएसला सगळंच लागतं. त्यानंतर माणूस जन्मभर एकच करतो.

८.
स्टेथोस्कोप १८१६ चा. आता आवाज वाढवणारा मिळतो. ठोके पडद्यावर काढून दाखवणाराही मिळतो. नियम लिहिणाऱ्यांच्या टेबलावर बहुतेक जुनाच असावा.

९.
ऐकू न येणारे ओठ वाचतात. २०२० मध्ये सगळ्या जगाने ओठ झाकले.

१०.
उलट बाजूही टिपून ठेवतो. १ जुलै २०२३, मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुट्याला खासगी बस पेटली. २५ माणसं गेली. अशा रात्री अपघात विभागात एकट्या अंध डॉक्टरला उभं करा, असं कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. पण हीच रात्र पुढे करून मानसोपचार, औषधशास्त्र, फिजिओथेरपी, सगळीच दारं लावून घेतात. अपघात विभागात एकटा डोळस डॉक्टर तरी का असावा, हे कोणी विचारत नाही.

११.
उल्हासनगरच्या प्रांजल पाटील पूर्ण दृष्टिहीन. २०१६ च्या यूपीएससी निकालात ७७३ वा क्रमांक. रेल्वेच्या लेखासेवेने दृष्टीचं कारण सांगून नाकारलं. पुढच्या वर्षी १२४ वा क्रमांक. आयएएस. २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमला उपजिल्हाधिकारी. रेल्वेचा हिशेब जमणार नव्हता म्हणे. आयएएस म्हणून सरकारी दवाखान्यांचा आढावा मात्र घेता येतो.

१२.
मार्च २०२५: अंध माणसाला न्यायाधीश होण्यापासून रोखता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. रोखणारा नियम शेजारच्या मध्य प्रदेशातला होता.
एप्रिल २०२२: रंगांधळ्या विद्यार्थ्यांना पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटची दारं उघडा, असंही त्याच न्यायालयाने सांगितलं होतं. चित्रपटाचं संकलन रंगांधळ्याला जमेल की नाही, हे ठरवायला न्यायालय लागलं.

१३.
महाराष्ट्रातला ओंकार गोंड. वाणी आणि भाषेचं अपंगत्व ४४-४५ टक्के. नीटमध्ये गुण मिळाले, टक्क्यांमुळे जागा नाकारली. उच्च न्यायालयात तातडीचा दिलासा नाही. सर्वोच्च न्यायालयाने एक जागा रिकामी ठेवायला लावली आणि दिल्लीच्या मौलाना आझाद मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांना एकच विचारलं: हा मुलगा शिकू शकेल का? ते म्हणाले, शकेल. निकालपत्र १५ ऑक्टोबर २०२४ चं, लिहिलंय न्या. विश्वनाथन यांनी. त्यात होमर आहे, मिल्टन आहे, बीथोव्हेन आहे, आणि आपल्या सुधा चंद्रनही आहेत.

१४.
तालुक्यातल्या आईबापांसाठी, कामाचं तेवढं. अपंगत्व तपासणाऱ्या बोर्डाने टक्के सांगून मुलाला परत पाठवलं, तर तिथेच थांबू नका. ओंकारच्या निकालानंतर नुसत्या टक्क्यांवर नकार देता येत नाही. शिक्षण झेपेल की नाही, हे बोर्डाने सांगायचं असतं. झेपणार नाही म्हटलं, तर का, हेही लिहून द्यायचं असतं. कागद मागा. तो मिळाला की न्यायालयात जाता येतं. प्रवेशाच्या फेऱ्या थांबत नाहीत, तेव्हा लवकर जा.