परवान्याशिवाय नेमबाजी

नेमबाजी शिकायची म्हटलं की घरातून पहिला प्रश्न येतो तो परवान्याचा. अर्ज, पोलिसांची चौकशी, हेलपाटे... एवढं कोण करणार, म्हणून अनेकांचा उत्साह तिथेच मावळतो. प्रत्यक्षात २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतचा छर्रा मारणाऱ्या आणि ज्यांची ऊर्जा २० जूलपेक्षा जास्त नाही अशा एअर रायफलला किंवा एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही.

ही काही दुय्यम दर्जाची नेमबाजी नव्हे. ऑलिंपिकमधली १० मीटरची स्पर्धा ४.५ मिलिमीटरच्या छर्ऱ्यानेच होते. २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्राने भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं ते एअर रायफलवर. त्याआधी, २००० साली सिडनीत, मुंबईच्या अंजली भागवत अंतिम फेरीत पोचल्या त्याही एअर रायफलमध्येच. हे वाचूनच मी पुण्यातल्या एका रेंजवर नाव नोंदवलं.

तिथे रायफल लगेच हातात देत नाहीत. आमच्या तुकडीत शाळकरी मुलं होती, एक नोकरदार जोडपं होतं, बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते. सगळ्यांना प्रशिक्षक मॅडमनी आधी सुरक्षेचे नियम पाठ करायला लावले. नळी कायम लक्ष्याच्या दिशेने. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर. रायफल खाली ठेवली की नळीतून आरपार भडक रंगाची दोरी. आत छर्रा नाही हे लांबूनही कळावं, यासाठी ती. ‘‘काका, रिकामी असली तरी भरलेली आहे असंच समजायचं,’’ मॅडमनी बजावलं.

मग रायफल आली. स्पर्धेची रायफल साडेपाच किलोपर्यंत असू शकते आणि ती उभ्यानेच पेलायची असते. जोर दंडात घ्यायचा नाही. डावा कोपर कमरेच्या हाडावर टेकवायचा, म्हणजे वजन सांगाड्यावर उतरतं. नवशिक्यांना सुरुवातीला नळीखाली स्टँड देतात, तरीही खांदा भरून येतोच.

छर्रा चिमटीत जेमतेम मावतो. तोंडाशी सपाट, कमरेशी बारीक, मागे पोकळ. सपाट तोंडामुळे कागदाला स्वच्छ गोल भोक पडतं आणि गुण मोजणं सोपं जातं. लिव्हर मागे ओढायचा, छर्रा खाचेत सरकवायचा, लिव्हर बंद करायचा. मागच्या साइटच्या बारीक छिद्रातून पाहिलं की पुढच्या रिंगमध्ये काळं वर्तुळ दिसतं आणि भोवती पांढरी कड. ती कड सगळीकडून सारखी दिसायला हवी. श्वास सोडायचा, क्षणभर थांबायचं आणि ट्रिगर हलकेच दाबत न्यायचा. फार वेळ थांबलं तर नजर थकते. अशा वेळी रायफल खाली घेऊन पुन्हा सुरुवात करणं हेही कौशल्यच.

एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. छर्रा त्याच्या नऊपट रुंद, म्हणून त्याची कड ठिपक्याला लागली तरी दहा मिळतात. पात्रता फेरीत असे ६० नेम ७५ मिनिटांत मारायचे असतात. माझे छर्रे काळ्या वर्तुळात डावीकडे जमायला लागले, तेव्हा मॅडम खूश झाल्या. छर्रे एका जागी पडले तर साइट फिरवून ते मध्यावर आणता येतात. विखुरले तर आधी शरीराची ठेवण तपासावी लागते.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य जिंकलं ते ५० मीटर रायफलमध्ये. तिथे .२२ ची काडतुसं लागतात, म्हणजे परवान्याचा कायदाही आला. आमच्या तुकडीतल्या मुलांचं तिथवर पोचण्याचं स्वप्न आहे. सध्या मॅडमनी सगळ्यांना एकच अभ्यास दिला आहे: छर्रा न भरता, कोऱ्या भिंतीसमोर उभं राहून रोज ट्रिगर दाबण्याचा.