अकरा महिने न सांगितलेली गोष्ट

कामाच्या ठिकाणच्या फीडबॅकवर लिहा, पण सोपं लिहा, असं संपादकांनी बजावलं आहे. प्रयत्न करतो. पण गेल्या एप्रिलपासून एक मुलगा माझ्या डोक्यातून जात नाही. त्याच्यापासूनच सुरुवात करायला हवी.

चाकणच्या एका कारखान्यात मी सुपरवायझरांना प्रशिक्षण देत होतो. जेवणाच्या सुट्टीत सीएनसी लेथवरचा एक ऑपरेटर मला शोधत आला आणि त्याने खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. अप्रेझलमधला शेरा होता, 'पुढाकाराचा अभाव'. इन्क्रिमेंटही त्यानुसार कमी. "सर, पुढाकार म्हणजे मी नेमकं काय करायला हवं होतं?" त्याने विचारलं. मला उत्तर देता आलं नाही, म्हणून मी त्याच्या सुपरवायझरांकडे गेलो.

गोष्ट साधी निघाली. 42 मिलिमीटरचा बोअर (आतलं छिद्र), टॉलरन्स (चालणारा फरक) 25 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा चाळिसावा भाग. कापणारं इन्सर्ट झिजत गेलं की बोअर लहान येऊ लागतो. बोअर गेजची सुई कडेला सरकू लागली की ऑपरेटरने ऑफसेट द्यायचा, म्हणजे झीज भरून काढायला मशीनमधला आकडा बदलायचा. हा मुलगा सुई अगदी कडेला टेकेपर्यंत थांबायचा आणि मग दोन-चार जॉब रीवर्कला जायचे. सुपरवायझरांना हे आदल्या वर्षीच्या मे महिन्यातच दिसलं होतं. ते स्वतःच पॅनेलवर जाऊन ऑफसेट देऊन यायचे. "बोललो असतो तर त्याला वाईट वाटलं असतं," ते म्हणाले. माणूस सज्जन आहे, खरंच तसं वाटून गप्प राहिला.

लोकांना वाटतं, फीडबॅक म्हणजे वर्षातून एकदा केबिनमध्ये बोलावून गुणदोष ऐकवणं. काही जण तर दोन कौतुकांच्या मध्ये एक दोष दडवायला शिकवतात. अशी प्रशिक्षणं मी पाहिली आहेत आणि मला त्यांचा मनापासून राग येतो. ऐकणारा फक्त कौतुक संपण्याची वाट बघत बसतो. शिवाय फीडबॅक दिला की काम सुधारतंच, हेही खरं नाही. अवराहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी 1996 मध्ये जुन्या अभ्यासांमधले 607 निष्कर्ष एकत्र तपासले. सरासरीने कामगिरी सुधारलेली दिसली, पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी ती उलट घसरली होती. त्यांनी मांडलेलं कारण मला पटतं. बोलणं कामाबद्दल असेल तर लक्ष कामावर राहतं. ते माणसाच्या स्वभावाकडे वळलं की लक्ष स्वतःला सावरण्यात जातं. 'सुई इथे आली की ऑफसेट दे' हे कामाबद्दल झालं. 'पुढाकाराचा अभाव' हे माणसाबद्दल.

इथे मला देव दत्त खटल्याबद्दल सांगायलाच हवं, लेख लांबला तरी. सीमा रस्ते अभियांत्रिकी सेवेतले हे कार्यकारी अभियंता. 1993-94 च्या गोपनीय अहवालात त्यांना 'चांगला' असा शेरा होता. बढतीसाठी आधीच्या पाचही वर्षांत 'अतिशय चांगला' शेरा लागत होता. बढती हुकली. शेरा प्रतिकूल नाही, म्हणून तो कळवलाच नव्हता. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की अहवालातली प्रत्येक नोंद, चांगली असली तरी, कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे. 2013 मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते कायम केलं. एचआरमधली मंडळी म्हणतात, हा सरकारी नोकरीचा कायदा, आमचा काय संबंध? मला हे मुळीच मान्य नाही. ज्या शेऱ्यावर माणसाची बढती अडते, तो त्याला वेळेत कळलाच पाहिजे, नोकरी कुणाचीही असो. आणि आता मी पुढे जाऊन म्हणतो, वर्षअखेरीला कळवणंही उशिराचंच आहे.

त्या दुपारी सुपरवायझर माझ्याबरोबर मशीनवर आले. मुलाच्या हातातलं गेज घेऊन त्यांनी डायलवर बोट ठेवलं. "इथे आली की थांबू नकोस, लगेच दे." मुलाने मान हलवली आणि पुढच्या जॉबला स्वतः ऑफसेट दिला. सगळं मिळून एक मिनिट गेलं असेल. मग तो हळूच म्हणाला, "साहेब, हे मे महिन्यातच सांगायचं ना." साहेब काही बोलले नाहीत.

इन्क्रिमेंट बदलावं म्हणून मी एचआरला पत्र लिहिलं. वर्ष बंद झालं आहे, असं फोनवर सांगण्यात आलं. मी दुसरं पत्र लिहिलं आहे.